‘तुमचे पती कोणत्या तुकडीत होते?’ : सैन्यातून परतलेल्या स्त्रियांचं मन समजून घेताना

अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यात एखादी बाई खिडकीपाशी जाऊन उभी राहते आणि तिला पहिला प्रश्न येतो: “तुमचे पती कोणत्या तुकडीत होते?” तिथल्या कितीतरी स्त्रियांनी हा अनुभव सांगितला आहे. त्यातल्या कुणी इराकच्या रस्त्यांवर ट्रक चालवलेले असतात, कुणी अफगाणिस्तानात जखमींना हेलिकॉप्टरमध्ये चढवलेलं असतं. आजारी ती, नोकरी तिची, ओळखपत्र तिच्या नावाचं. आणि चौकशी मात्र नवऱ्याची.

३० सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेचे संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी क्वांटिको लष्करी तळावर जमवलेल्या सेनाधिकाऱ्यांसमोर जाहीर केलं की लढाऊ पदांची शारीरिक कसोटी यापुढे पुरुषांच्या सर्वोच्च निकषावरच होईल. ‘बायकांनी लढाईत जावं का’ हा जुना वाद त्यामुळे पुन्हा पेटला. हा वाद सैन्यात शिरणाऱ्यांबद्दल आहे. सेवा करून बाहेर पडलेल्या सुमारे वीस लाख स्त्रिया आज त्या देशात आहेत, म्हणजे एकूण माजी सैनिकांतल्या साधारण दहा टक्के. त्यांच्या मनाचं काय होतं, हे मात्र फार थोडे लोक विचारतात.

आपल्या भाषेकडेच बघा. वीरपत्नी आहे, वीरमाता आहे. पण जी स्वतः गणवेश घालून गेली आणि परत आली, तिच्यासाठी रोजच्या बोलण्यात शब्दच नाही. ‘माजी सैनिक’ म्हटलं की डोळ्यांसमोर मिशीवाला माणूस उभा राहतो. ‘व्हेटरन’ या इंग्रजी शब्दाचंही तेच होतं. त्यामुळे सेवा केलेल्या पुष्कळ स्त्रिया स्वतःला माजी सैनिक म्हणवून घेतच नाहीत. “मी काय, नुसती कारकून होते,” “मी परिचारिका होते, लढले थोडीच,” अशी त्यांची उत्तरं असतात. उपचारातली पहिली अडचण इथूनच सुरू होते, म्हणून पुढे आपण पुन्हा या शब्दाकडे येऊ.

कागदावर लढाईबाहेर, प्रत्यक्षात लढाईत

अमेरिकी सैन्यात स्त्रियांना कायमची नोकरी मिळाली ती १९४८ च्या कायद्यानं. तेव्हा त्यांची संख्या दोन टक्क्यांच्या पुढे जाऊ द्यायची नाही अशी अट होती. ती १९६७ साली उठली. व्हिएतनाममध्ये सुमारे अकरा हजार स्त्रिया होत्या, त्यांपैकी दहातल्या नऊ परिचारिका. विशीतल्या या मुली हात-पाय तुटलेल्या, स्वतःच्याच वयाच्या मुलांना रात्रभर धरून बसत. परतल्यावर त्यांना कुणी सैनिक मानलं नाही. १९८० च्या दशकातल्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीत असं दिसलं की व्हिएतनामला गेलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २७ टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी युद्धाच्या आघाताचा विकार जडला होता. त्यांचं स्मारक वॉशिंग्टनमध्ये उभं राहायला १९९३ साल उजाडावं लागलं. तेही डायन कार्लसन इव्हान्स या परिचारिकेनं वर्षानुवर्षं उंबरठे झिजवले तेव्हा.

लढाऊ पदांवरची बंदी उठवण्याची घोषणा २०१३ मध्ये झाली आणि डिसेंबर २०१५ मध्ये सगळी पदं खुली झाली. पण गोळ्यांना हा नियम कुठे ठाऊक होता? २० मार्च २००५ रोजी बगदादजवळ ताफ्यावर हल्ला झाला तेव्हा ली अ‍ॅन हेस्टर या लष्करी पोलिसातल्या सार्जंट खंदकात उतरून लढल्या. त्यासाठी त्यांना सिल्व्हर स्टार हे शौर्यपदक मिळालं. नियमानुसार स्त्रिया तेव्हा ‘लढाईत नव्हत्या’. इराकमध्ये घरांची झडती घेताना तिथल्या बायकांची तपासणी करायला पायदळाबरोबर स्त्री सैनिक नेल्या जात. त्या दाराशी पायदळाच्या जवानाशेजारीच उभ्या असत, पण त्यांच्या कागदपत्रात हुद्दा मेकॅनिकचा किंवा कारकुनाचा. हा विसंवाद पुढे भरपाईचे दावे मागताना त्यांच्या मुळावर आला.

आघाताचा विकार म्हणजे नेमकं काय

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. यात काही आजार नाही, शहाणपणच आहे. मेंदू धोका लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी आधीच सावध करतो. पण समजा, वर्षं उलटली तरी प्रत्येक पेला हातात घेताना तोंड भाजल्यासारखं वाटू लागलं, पेले ठेवलेल्या खोलीत पाऊल टाकवेना, रात्री झोपेत तोच चटका बसू लागला, तर? सावध करणारी यंत्रणाच बंद व्हायची विसरली, असं म्हणावं लागेल.

याला ‘आघातोत्तर तणाव विकार’ म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून पीटीएसडी, आणि यापुढे तोच शब्द वापरू. जिवावर बेतलेला किंवा शरीराची विटंबना करणारा प्रसंग हे त्याचं मूळ. तो प्रसंग न बोलावता पुन्हा डोळ्यांपुढे येतो. त्याची आठवण करून देणाऱ्या जागा, माणसं, वास टाळले जातात. ‘माझीच चूक होती’, ‘कुणावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही’ असे विचार मुक्काम ठोकतात. आणि शरीर सतत ताठ राहतं: झोप नाही, दचकणं, चिडचिड.

या विकाराला वैद्यकीय नियमपुस्तिकेत नाव मिळालं १९८० साली. त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा लढा होता, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण १९७४ मध्ये अ‍ॅन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम या दोघी संशोधकांनी बलात्कार सोसलेल्या स्त्रियांमध्ये जवळपास हीच लक्षणं नोंदवली होती. रणांगण आणि बलात्कार, दोन्हीकडून आलेले रस्ते एकाच आजाराला मिळाले. सैन्यातल्या अनेक स्त्रियांच्या वाट्याला दोन्ही रस्ते येतात.

तिथल्या माजी सैनिक खात्याच्या, म्हणजे ‘व्हीए’च्या आकडेवारीनुसार शंभर माजी स्त्री सैनिकांमागे सुमारे १३ जणींना आयुष्यात कधीतरी पीटीएसडी होतो. पुरुषांमध्ये हे प्रमाण शंभरात सहा. एवढा फरक का? ‘बायका मनानं नाजूक’ हे उत्तर सोपं आहे आणि चुकीचं आहे. आघात कोणता, कुणाकडून झाला आणि त्यानंतर भोवतालच्यांनी काय केलं, यावर बरंच काही ठरतं.

कुंपणानंच शेत खाल्लं तर

सेवेत असताना झालेला लैंगिक अत्याचार किंवा लैंगिक छळ, याला व्हीए ‘लष्करी लैंगिक आघात’ म्हणतं. संक्षेप एमएसटी. हे आजाराचं नाव नाही, घडलेल्या गोष्टीचं नाव आहे. व्हीएमध्ये उपचाराला येणाऱ्या प्रत्येकाला याबद्दल विचारलं जातं. स्त्रियांपैकी साधारण तीनातली एक ‘हो’ म्हणते.

अत्याचार कुठेही भयंकरच. मग सैन्यातल्या अत्याचारात वेगळं काय? साध्या नोकरीत असं झालं तर निदान संध्याकाळी घरी जाता येतं, राजीनामा टाकता येतो. सैन्यात अत्याचार करणारा शेजारच्या बराकीत झोपतो. सकाळच्या कवायतीला तो समोर असतो. उद्या गोळीबार झाला तर तुमची पाठ राखायची जबाबदारी त्याचीच असते. राजीनामा देता येत नाही, न सांगता निघून गेलं तर तो गुन्हा ठरतो. तक्रार करायची ती वरिष्ठाकडे, आणि कधी वरिष्ठच तो असतो किंवा त्याचा मित्र असतो. ‘आपण एक कुटुंब आहोत’ हे ज्या संस्थेनं पहिल्या दिवसापासून मनावर बिंबवलं, तीच तक्रारीनंतर पाठ फिरवते. जेनिफर फ्रायड या मानसशास्त्रज्ञ याला ‘संस्थेनं केलेला विश्वासघात’ म्हणतात. ज्यांच्या वाट्याला अत्याचारावर हा दुसरा घावही येतो, त्यांचा मानसिक त्रास जास्त असतो, असं संशोधनात दिसलं आहे. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते: पहिला घाव एका माणसाचा असतो, पण जखम चिघळते ती नंतरच्या मौनामुळे.

१९९१ मध्ये लास वेगासला नौदल वैमानिकांच्या ‘टेलहुक’ मेळाव्यात ८३ स्त्रिया आणि ७ पुरुषांवर अत्याचार झाल्याचं चौकशीत निष्पन्न झालं. त्यानंतर १९९२ साली व्हीएनं अशा आघातावर समुपदेशन द्यावं असा कायदा आला. सुरुवातीला तो फक्त स्त्रियांसाठी होता, दोन वर्षांनी पुरुषांनाही लागू झाला. २०२० मध्ये टेक्ससमधल्या फोर्ट हूड तळावर व्हेनेसा गियेन या वीस वर्षांच्या सैनिकेचा खून झाला. वरिष्ठाकडून तिचा लैंगिक छळ झाला होता आणि तळावरच्या अधिकाऱ्यांनी त्यावर काही केलं नव्हतं, हे लष्कराच्याच चौकशीनं नंतर मान्य केलं. तिच्या घरच्यांनी आणि हजारो माजी स्त्री सैनिकांनी आवाज उठवल्यावर कायदा बदलला. डिसेंबर २०२३ पासून अशा गुन्ह्यांत खटला भरायचा की नाही हे तुकडीचा प्रमुख ठरवत नाही, स्वतंत्र लष्करी वकील ठरवतात.

प्रश्न कसा विचारता, त्यावर उत्तर ठरतं

“तुमच्यावर बलात्कार झाला होता का?” असं विचारलं तर बऱ्याच जणी ‘नाही’ म्हणतात. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. त्या प्रसंगाला त्यांनी स्वतःच्या मनातही तो शब्द दिलेला नसतो. म्हणून व्हीएच्या प्रश्नात तो शब्दच नसतो. सेवेत असताना नको असलेला स्पर्श, अडवणं, शेरेबाजी झाली का, आणि बळजबरीनं किंवा धमकी देऊन कुणी शरीरसंबंध केला का, असं घडलेल्या गोष्टीबद्दल विचारलं जातं.

माजी सैनिक या शब्दाचंही तसंच. “तुम्ही माजी सैनिक आहात का?” याला ‘नाही’ म्हणणारी बाई “तुम्ही कधी सैन्यात नोकरी केली आहे का?” याला पटकन ‘हो’ म्हणते. कित्येक स्त्रिया व्हीएकडे जातच नाहीत, साध्या डॉक्टरकडे जातात: झोप लागत नाही म्हणून, जुनाट पाठदुखी म्हणून, बाळंतपणानंतर मन लागत नाही म्हणून. डॉक्टरनं हा एक प्रश्न विचारला नाही, तर वर्षानुवर्षं गोळ्या पाठदुखीवर चालू राहतात.

‘पण हे पुरुषांच्या बाबतीतही होतं ना?’

होतं, आणि ते सांगायलाच हवं. व्हीएच्या तपासणीत पन्नासातला एक पुरुष एमएसटीला ‘हो’ म्हणतो. सैन्यात पुरुषच जास्त असल्यामुळे अशा पुरुषांची संख्या काही थोडीथोडकी नाही, आणि त्यांना बोलणं आणखी जड जातं. स्त्रियांच्या गरजांबद्दल बोललं म्हणून पुरुषांचं काही हिरावलं जात नाही. १९९२ चा कायदा स्त्रियांसाठी आला म्हणूनच १९९४ मध्ये पुरुषांनाही दार उघडलं.

मात्र काही गोष्टी स्त्रियांच्याच वाट्याला येतात. गरोदरपण, बाळंतपणानंतरचं नैराश्य, रजोनिवृत्तीच्या काळातली बिघडलेली झोप हे पीटीएसडीच्या लक्षणांत मिसळून जातं. अत्याचार सोसलेल्या स्त्रीला गर्भाशयाची साधी तपासणीही पुन्हा तोच प्रसंग घडल्यासारखी वाटू शकते, म्हणून ती तपासण्याच टाळते. आणि परत आलेल्या सैनिकाला घर सांभाळून घेतं, पण परत आलेल्या आईनं दुसऱ्या दिवसापासून घर सांभाळावं अशी अपेक्षा असते.

‘घडलं तर तेव्हाच तक्रार का नाही केली?’

हा प्रश्न भरपाईच्या प्रत्येक दाव्यात कुठल्या ना कुठल्या रूपात येतो. सेवेमुळे आजार जडला हे सिद्ध झालं तर व्हीए दरमहा भत्ता देतं. पीटीएसडीच्या दाव्यात मूळ प्रसंग घडल्याचा पुरावा लागतो. २०१० मध्ये नियम सैल झाला: शत्रूच्या हल्ल्याच्या भीतीतून विकार जडला असेल, तर त्या प्रसंगाची स्वतंत्र नोंद लागणार नाही. कागदावर ‘लढाईत नसलेल्या’ स्त्रियांना याचा मोठा आधार झाला. पण अत्याचार करणारा आपल्याच बाजूचा असेल, तर ही सवलत लागू नाही.

तिथे अप्रत्यक्ष खुणा चालतात: अचानक मागितलेली बदली, एकाएकी घसरलेला कामाचा शेरा, गरोदरपणाची किंवा गुप्तरोगाची चाचणी, बहिणीला लिहिलेलं पत्र, मैत्रिणीचा जबाब. नियम चांगला आहे, पण अंमलबजावणीत खोट होती. २०१८ मध्ये व्हीएच्याच महानिरीक्षकांनी नाकारलेले एमएसटीचे दावे तपासले, तेव्हा जवळपास निम्म्या प्रकरणांत ठरलेली पद्धत पाळली गेली नव्हती. हे वाचून मला फार वाईट वाटलं. बोलायला वीस वर्षं लागलेल्या बाईला ‘पुरावा अपुरा’ असं पत्र जातं, आणि पुरावा कुणी नीट शोधलेलाच नसतो.

उपचार आणि भत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अनेकींना माहीत नसतं. एमएसटीशी संबंधित उपचार व्हीएमध्ये मोफत आहेत. त्यासाठी तेव्हा केलेली तक्रार, कागद, मंजूर दावा, यातलं काहीही लागत नाही. प्रत्येक व्हीए रुग्णालयात यासाठी नेमलेली व्यक्ती असते. मोठ्या दवाखान्यात जायचंच नसेल, तर ‘व्हेट सेंटर’ ही छोटी समुपदेशन केंद्रं आहेत. १९७९ पासून ती चालू आहेत आणि तिथल्या नोंदी वेगळ्या ठेवल्या जातात.

बरं होता येतं का?

हो. नुसता धीर देण्यासाठी म्हणत नाही.

एका उपचारात घडलेला प्रसंग समुपदेशकासमोर सविस्तर, पुन्हा पुन्हा सांगायचा असतो, आणि टाळलेल्या सुरक्षित जागी हळूहळू जायचं असतं. गार पाण्यात पहिलं पाऊल टाकताना अंगावर काटा येतो. तिथेच थांबलं तर अंग पाण्याला सरावतं, बाहेर उडी मारली तर पुढच्या वेळी पाणी तेवढंच गार लागतं. आठवणीचंही तसंच आहे. आठवण म्हणजे प्रसंग नव्हे, हे मेंदूला अनुभवानंच कळतं. अशा साधारण आठ ते पंधरा बैठका लागतात.

दुसरा उपचार विचारांवर काम करतो. अत्याचार सोसलेल्या बाईच्या मनात एक खटला कायमचा चालू असतो. आरोपी तीच, न्यायाधीशही तीच, आणि शिक्षा आधीच ठरलेली: ‘मी दार लावलं नाही म्हणून झालं.’ या उपचारात प्रथमच पुरावा तपासला जातो. दार उघडं होतं हे खरं. पण आत कोण आलं? कुणी ठरवलं? बाराएक बैठकांत निकाल बदलू लागतो.

हा दुसरा उपचार पॅट्रिशिया रेसिक यांनी मुळात बलात्कार सोसलेल्या स्त्रियांसाठी घडवला. पहिल्याच्या, म्हणजे एडना फोआ यांच्या उपचाराच्या आरंभीच्या चाचण्याही अशाच स्त्रियांवर झाल्या. आज युद्धावरून परतलेले हजारो पुरुष याच पद्धतींनी सावरतात. २००७ मध्ये पहिला उपचार २८४ स्त्रियांवर तपासला गेला, जवळजवळ सगळ्या माजी सैनिक. उपचारानंतर ४१ टक्के स्त्रियांना पीटीएसडी उरला नव्हता. साध्या आधारपर समुपदेशनात हे प्रमाण २८ टक्के होतं. सगळ्या बऱ्या होत नाहीत, हेही त्यातून दिसतंच. नैराश्यावरची काही औषधं उपयोगी पडतात, पण तज्ज्ञांची मार्गदर्शिका आधी बोलण्याचा उपचार सुचवते, आणि चिंतेवरच्या सवय लावणाऱ्या गोळ्या पीटीएसडीसाठी देऊ नयेत असं बजावते.

दारापर्यंत पोचणंच अवघड

उपचार आहे, पण तो पुरुषांनी भरलेल्या प्रतीक्षागृहापलीकडे आहे. २०१९ च्या एका अभ्यासात दर चारातल्या एका स्त्रीनं सांगितलं की व्हीएच्या आवारातच पुरुष माजी सैनिकांनी शेरेबाजी केली किंवा नको तसं वागले. अशा स्त्रिया मग उपचार पुढे ढकलतात किंवा सोडून देतात. ज्या कारणासाठी यायचं, तेच दाराशी भेटत असेल तर कोण येईल? गटचिकित्सेत दहा पुरुषांत एकटी बसवलेली बाई अत्याचाराबद्दल बोलणार कशी? आणि मूल सांभाळायला कुणी नसेल तर दर आठवड्याला दीड तास आणायचा कुठून?

५ जानेवारी २०२१ रोजी सही झालेल्या कायद्यात यातल्या बऱ्याच गोष्टींची दखल आहे: उपचारादरम्यान मूल सांभाळण्याची सोय, आवारातल्या छळाविरुद्ध धोरण, स्त्रियांसाठी प्रशिक्षित डॉक्टर. कायद्यातल्या या भागाला नाव दिलंय डेबोरा सॅम्पसन यांचं. १७८२ मध्ये अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात त्या पुरुषाच्या वेषात, पुरुषाच्या नावानं लढल्या. त्यानंतर दोन वर्षांनी व्हीएनं आपलं बोधवाक्य बदललं. लिंकन यांच्या भाषणातलं जुनं वाक्य ‘ज्यानं लढाई सोसली त्याची, त्याच्या विधवेची आणि अनाथाची’ काळजी घेण्याचं होतं. मार्च २०२३ पासून त्यात ‘ज्यांनी सेवा केली ते सगळे’ आले.

सर्वांत कठीण भाग

आत्महत्येबद्दल बोलणं टाळता येणार नाही. सेवा केलेल्या स्त्रियांमध्ये तिचं प्रमाण सेवा न केलेल्या स्त्रियांपेक्षा बरंच जास्त आहे. २०२० ते २०२१ या एका वर्षात ते २४ टक्क्यांनी वाढलं, माजी पुरुष सैनिकांत सहा टक्क्यांनी. बंदूक हाताळण्याचं शिक्षण आणि घरात असलेली बंदूक हे यामागचं एक मोठं कारण. तीव्र ओढीचा क्षण बहुधा थोडाच काळ टिकतो. म्हणून डॉक्टर आता घरच्यांशी बंदूक कुलपात ठेवण्याबद्दल, गोळ्या वेगळ्या ठेवण्याबद्दल, वाईट काळात ती विश्वासू माणसाकडे सोपवण्याबद्दल उघडपणे बोलतात. मध्ये गेलेली पंधरा मिनिटंही जीव वाचवतात. अमेरिकेत ९८८ फिरवून १ दाबलं की माजी सैनिकांसाठीची मदत दिवसरात्र मिळते. वाचताना तुमच्याच मनात असे विचार येत असतील, तर इथेच थांबा आणि आत्ता जवळच्या कुणाशी तरी बोला.

ती पहिल्यांदा सांगते तेव्हा

बहुतेक जणी पहिल्यांदा डॉक्टरला सांगत नाहीत. बहिणीला सांगतात, नवऱ्याला, कधी जुन्या सहकाऱ्याला. आणि ऐकणाऱ्याच्या तोंडून काय निघतं, त्यावर ती दुसऱ्यांदा बोलणार की नाही हे ठरतं. “तू तेव्हा का नाही बोललीस?” हा प्रश्न कितीही मायेनं विचारला तरी तिला तो आरोपच वाटतो. तिच्या मनातल्या खटल्यातलाच तो प्रश्न असतो. तपशील मागू नका. तुमचा राग त्या क्षणी आवरा, नाहीतर तीच तुम्हाला सावरत बसते. “तू सांगितलंस ते बरं केलंस, माझा तुझ्यावर विश्वास आहे,” एवढं पुरतं. मग थोड्या दिवसांनी, घाई न करता, दवाखान्याच्या पहिल्या भेटीला सोबत येऊ का, असं विचारा. आणि खिडकीपलीकडच्या माणसानं तुमच्याकडे बघून माजी सैनिकाचं नाव विचारलं, तर उत्तर तिला देऊ द्या.